टाइन, वेअर, ट्वीड: ईशान्य इंग्लंडची नदीकाठची गावं, किल्ले आणि कोळसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

न्यूकॅसल, डरहम, संडरलंड, मिडल्सब्रोला शिकायला येणारी मराठी मुलं, त्यांना भेटायला येणारे आईबाबा आणि लंडन-एडिनबरा ट्रिपमध्ये मधे एखाददोन दिवस काढू बघणारे लोक, सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून काढतोय. काही उत्तरं लांब झालीत कारण तो विषयच तसा आहे.

हा नेमका कुठला भाग?

लंडनहून एडिनबराला जाणारी ट्रेन पकडली की डार्लिंग्टन, डरहम, न्यूकॅसल, बेरिक अशी स्टेशनं लागत जातात ना, तो पट्टा. इंग्लंडचा ईशान्य कोपरा, वरती स्कॉटलंडची हद्द आणि उजवीकडे नॉर्थ सी. खालून वर जाताना टीज, वेअर, टाइन, कोकेट, आल्न आणि ट्वीड अशा नद्या लागतात, सगळ्या पश्चिमेकडच्या डोंगरातून येऊन पूर्वेला समुद्राला मिळणाऱ्या. बघण्यासारखं जे काही आहे त्यातलं बहुतेक या सहा नद्यांच्या काठावर किंवा काठापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे.

किल्ले बघायचे का जुने कारखाने-खाणी? दोन्हीला वेळ नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर ठाम आहे, वेगळं करूच नका. इथे किल्ला आणि कोळसा या दोन गोष्टी नाहीतच, एकच गोष्ट आहे. नदी ओलांडायची जागा ताब्यात ठेवायची म्हणून किल्ला बांधला, त्याच नदीतून पुढे कोळसा समुद्राकडे गेला, आणि जमीन ज्याची त्याचाच खालचा कोळसा, त्यामुळे पैसाही फिरून फिरून त्याच घरांत. डरहमचे बिशप घ्या. किल्ल्यात राहणारे धर्मगुरू, पण टाइनच्या दक्षिण काठावरच्या व्हिकम आणि गेट्सहेडच्या खाणी त्यांच्याच. १५७८ मध्ये त्या खाणींचा लांब मुदतीचा पट्टा एलिझाबेथ राणीला दिला गेला आणि तिथून तो न्यूकॅसलच्या व्यापाऱ्यांच्या हातात आला. उलटं उदाहरण पण आहे, न्यूकॅसलला तोफा आणि जहाजं बनवून गब्बर झालेल्या विल्यम आर्मस्ट्राँगने १८९४ मध्ये समुद्रकाठचा बँबरा किल्ला चक्क विकत घेतला आणि आज तो जसा दिसतो त्यातलं बरंच काम त्याच्याच पैशातून झालंय.

त्यामुळे किल्ल्यावर जा, फोटो काढा, पण लगेच गाडीत बसू नका, खाली नदीवर उतरा.

न्यूकॅसलमध्ये खरंच कॅसल आहे का?

आहे, आणि स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे, तरी कितीतरी लोक न बघता जातात. रोमन लोकांनी इथे टाइनवर पूल आणि ठाणं केलं होतं, पॉन्स एलियस नावाचं. इ.स. १२२ मध्ये सुरू झालेली हेड्रियनची भिंत इथूनच जाते. मग १०८० मध्ये विल्यम द काँकररचा मुलगा रॉबर्ट याने त्याच जागी लाकडी किल्ला बांधला, तोच ‘नवा किल्ला’. आज जो दगडी बालेकिल्ला उभा आहे तो दुसऱ्या हेन्रीच्या काळातला, ११७० च्या दशकातला. त्याच्या पुढचा ब्लॅक गेट हा दरवाजा आणखी सत्तर-ऐंशी वर्षांनी झाला.

आता गंमत बघा, बालेकिल्ला आणि ब्लॅक गेट यांच्या मधून रेल्वे जाते. म्हणजे १८४० च्या दशकात रेल्वेवाल्यांनी किल्ल्याच्या आवारातूनच कमानींवरून रूळ नेले. गच्चीवर चढून उभे राहा, एका बाजूला बाराव्या शतकातली भिंत, पायाखालून एडिनबराची गाडी, समोर टाइनवरचे पूल. या सगळ्या भागाचा इतिहास एका नजरेत दिसतो अशी जागा मला दुसरी माहीत नाही. जिना अरुंद आणि झिजलेला आहे, गुडघे दुखत असतील तर हळू.

टाइनवर एवढे पूल कशाला?

शहराच्या मध्यात जवळजवळ लागून सात पूल आहेत, आणि प्रत्येकाला आपलं कारण आहे. मी सगळे सांगत बसत नाही, चार सांगतो.

हाय लेव्हल ब्रिज, १८४९, रेल्वे इंजिनिअर रॉबर्ट स्टीफनसनचा. वरून ट्रेन, खालून रस्ता. खालच्या मजल्यावरून चालत जा नक्की, लोखंडी खांबांच्या मधून नदी दिसते आणि डोक्यावरून गाडी गेली की अख्खा पूल घुमतो.

स्विंग ब्रिज, १८७६, आर्मस्ट्राँगचा. रोमन पूल होता तिथेच, मग मध्ययुगातला दगडी पूलही तिथेच होता (तो १७७१ च्या पुरात गेला), मग हा. आर्मस्ट्राँगचा एल्सविकचा कारखाना पुलाच्या वरच्या अंगाला होता आणि जुन्या बुटक्या पुलाखालून मोठी जहाजं जाणं शक्यच नव्हतं, म्हणून पाण्याच्या दाबावर आडवा फिरणारा पूल. पूल फिरला की दोन्ही बाजूंनी जहाजं जायची. त्यानंतर एल्सविकला युद्धनौका बांधायला लागले, जपानच्या आरमारासाठीसुद्धा.

टाइन ब्रिज, १९२८, ती हिरवी मोठी कमान, सगळ्या फोटोंत असते ती. बांधला मिडल्सब्रोच्या डॉर्मन लाँग कंपनीने, त्यांनीच सिडनीचा हार्बर ब्रिज बांधला. उन्हाळ्यात या पुलावर आणि आसपासच्या इमारतींवर किटिवेक नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात. किटिवेक समुद्रापासून इतक्या आत जगात दुसरीकडे कुठेच वस्ती करत नाहीत, त्यामुळे खाली उभं राहिलं की शहराच्या मधोमध समुद्रकड्यासारखा कलकलाट ऐकू येतो.

आणि २००१ चा मिलेनियम ब्रिज, फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा, बोट आली की अख्खा पूल कलतो. कलण्याच्या वेळा आधी बघून जा, नेहमी होत नाही. त्याच्या टोकाला बाल्टिक आहे, पूर्वीची पिठाची गिरणी, २००२ पासून आर्ट गॅलरी, वरून नदी फुकट बघायला मिळते.

कोळसा खाणीतून जहाजापर्यंत जायचा कसा?

हे जरा नीट सांगतो, कारण हे समजलं की नदीकाठचं अर्धं बांधकाम समजतं.

खाण नदीपासून काही मैल आत. रस्ते चिखलाचे. मग सतराव्या शतकापासून लाकडी रूळ टाकून त्यावरून घोड्याने ओढायच्या गाड्या सुरू झाल्या, यांना वॅगनवे म्हणायचे. उतार नदीकडेच असल्यामुळे भरलेली गाडी खाली येताना घोड्याला फार ओढावं लागत नसे, ब्रेकवरच काम व्हायचं, रिकामी वर नेताना मात्र घोडा जुंपायचा. अशाच एका वॅगनवेसाठी १७२५-२६ मध्ये बांधलेली कॉझी आर्च आजही उभी आहे, सुमारे ३० मीटरची एकच दगडी कमान, खाली ओढा आणि झाडी. जगातला सगळ्यात जुना टिकून असलेला रेल्वे पूल म्हणतात तो हा. आगगाडी यायच्या शंभर वर्षं आधीचा!

गाडी नदीवर पोचली की स्टेथ, म्हणजे नदीत पुढे आलेला लाकडी धक्का. तिथून कोळसा कील नावाच्या रुंद, सपाट बुडाच्या होडीत. एका कीलमध्ये साधारण २१ टन. कील लागायचीच, कारण समुद्रात जाणारी मोठी जहाजं न्यूकॅसलच्या जुन्या पुलाखालून वर येऊ शकत नव्हती. मग कीलवाले भरती-ओहोटी बघून वल्ह्यांवर होडी खाली टाइनच्या मुखाशी शील्ड्सपर्यंत न्यायचे आणि तिथे तो सगळा कोळसा फावड्याने, हाताने, होडीतून वर जहाजात फेकायचे. कमरेच्या उंचीवरून डोक्याच्या वर, २१ टन, आणि मग परत. यांची स्वतःची वस्ती होती सँडगेटला आणि म्हाताऱ्या, आजारी कीलवाल्यांसाठी त्यांनी आपापल्या मजुरीतून पैसे कापून १७०१ मध्ये कीलमेन्स हॉस्पिटल बांधलं. कोणी दान दिलेलं नाही ते, स्वतःच्या कमाईतलं. इमारत अजून आहे, सिटी रोडवर, आणि तिच्यासमोर दोन मिनिटं तरी थांबावं असं मला मनापासून वाटतं.

पुढे स्टेथवरूनच थेट जहाजात कोळसा ओतायची सोय झाली आणि कीलवाल्यांचं काम गेलं, त्यांनी संप केले, १८२२ चा तर मोठा होता, पण उपयोग झाला नाही. गेट्सहेडचं डन्स्टन स्टेथ बघा, १८९३ चं, भलंमोठं लाकडी बांधकाम, युरोपातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. आगीत बराच भाग जळालाय तरी आकार बघून दम लागतो.

डरहमला अर्धा दिवस पुरतो का?

पुरवता येतो पण नका पुरवू. वेअर नदी इथे घोड्याच्या नालेसारखं वळण घेते आणि मधल्या उंच खडकावर कॅथेड्रल आणि किल्ला शेजारी शेजारी. तीन बाजूंनी नदी, चौथ्या बाजूला किल्ला, वेढा घालणाऱ्याने यावं कुठून? संत कथबर्टचं शव घेऊन फिरणारे भिक्षू ९९५ मध्ये इथे थांबले, किल्ला १०७२ पासून आणि आजचं कॅथेड्रल १०९३ पासून, चाळीस वर्षांत जवळपास पुरं. आत शिरल्यावर मान वर करा, छताला दगडी कमानींच्या फासळ्या आहेत, त्या पद्धतीचं एवढं मोठं छत युरोपात इतक्या लवकर दुसरीकडे क्वचितच झालं. खांब बघा, प्रत्येकावर वेगळी नक्षी कोरलीये, कुठे नागमोडी, कुठे शंकरपाळ्यासारखी. दारावरचा तो मोठा ब्राँझचा मुखवटा म्हणजे कडी, गुन्हेगाराने येऊन ती वाजवली की ३७ दिवस त्याला आत आश्रय मिळायचा. दारावर आहे ती प्रतिकृती, मूळ आत म्युझियममध्ये.

इथले बिशप साधे बिशप नव्हते, प्रिन्स बिशप. स्कॉटलंडची हद्द जवळ, राजा लांब लंडनला, म्हणून राजाने त्यांना सैन्य ठेवायचे, नाणी पाडायचे, न्याय करायचे अधिकार दिले आणि ते शेवटचे १८३६ मध्ये काढून घेतले. तोवर १८३२ मध्ये युनिव्हर्सिटी निघाली होती, किल्ला तिला मिळाला आणि आज त्या किल्ल्यात विद्यार्थी राहतात, जेवायला मध्ययुगीन हॉलमध्ये बसतात. म्हणून किल्ला फक्त गाइडेड टूरने बघता येतो, आधी वेळ घ्या. कॅथेड्रलला तिकीट नाही, देणगीची पेटी आहे, टाका काहीतरी. दोन्ही मिळून १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत.

मग खाली उतरा. नदीकाठची पायवाट, बंधारा, जुनी गिरणी, प्रेबेंड्स ब्रिज. तिथून वर कॅथेड्रल दिसतं ते आतून दिसतं त्याहून मला जास्त आवडतं. एल्व्हेट ब्रिजजवळ वल्ह्याची होडी भाड्याने मिळते.

डरहम माइनर्स गाला म्हणजे काय, त्या दिवशी जावं का?

जुलैचा दुसरा शनिवार. हॉटेलं महाग होतात, ट्रेन भरतात, आणि तरी जावंच.

१८७१ पासून भरतो हा मेळावा. एकेका खाणीच्या गावाचा आपला बँड आणि आपलं बॅनर, रेशमी, चारपाच माणसांनी धरायचं एवढं मोठं, त्यावर पुढाऱ्यांची चित्रं, खाणीची चित्रं, घोषवाक्यं. सकाळपासून एकेक गाव बँड वाजवत अरुंद गल्ल्यांतून नदीकाठच्या मैदानाकडे निघतं, हॉटेलच्या बाल्कनीत युनियनचे नेते उभे असतात, तिथे प्रत्येक बँड थांबून एक चाल वाजवतो आणि पुढे जातो. दुपारी नवी बॅनरं कॅथेड्रलमध्ये नेतात आशीर्वादाला. ज्या गावाच्या खाणीत त्या वर्षी कोणी मेलं असेल त्या बॅनरवर काळं कापड गुंडाळायची पद्धत होती. १९५१ मध्ये ईझिंग्टनच्या खाणीत स्फोट झाला आणि ८३ माणसं गेली, बचावाला उतरलेले दोघं धरून, म्हणजे अशा काळ्या कापडाचा अर्थ त्या गल्लीत उभ्या प्रत्येकाला कळत होता.

आता इथे एकही खाण चालू नाही. तरीही हजारो लोक येतात, खाणकामगारांची नातवंडं बॅनर धरतात. किल्ले बघायला आलेल्या माणसाने हे बघितलं नाही तर डरहम अर्धंच बघितलं.

खाणीतले अपघात एवढे का व्हायचे?

मिथेन वायू. उजेडासाठी उघडी ज्योत न्यायची आणि वायू साठलेला असला की स्फोट. १८१२ मध्ये गेट्सहेडजवळच्या फेलिंग खाणीत ९२ जण गेले, त्यात लहान मुलं कितीतरी. त्यानंतर सुरक्षित दिव्यासाठी आरडाओरडा सुरू झाला आणि १८१५ मध्ये दोघांनी वेगवेगळा दिवा केला, लंडनचे सर हंफ्री डेव्ही आणि इथल्याच खाणीतला इंजिन सांभाळणारा, शाळेत न गेलेला जॉर्ज स्टीफनसन. श्रेय कोणाचं यावरून बरंच भांडण झालं. इथले खाणकामगार शेवटपर्यंत स्टीफनसनच्या बाजूचे.

रेल्वे इथेच सुरू झाली ना? आणि आपल्याकडच्या रेल्वेशी काही संबंध?

हाच तो स्टीफनसन. जन्म १७८१, टाइनकाठच्या वायलम गावात, ज्या घरात जन्मला त्याच्या दारावरूनच वॅगनवे जायचा. २७ सप्टेंबर १८२५ ला स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली, तिचं लोकोमोशन इंजिन न्यूकॅसलच्या फोर्थ स्ट्रीटवरच्या कारखान्यात बनलं, मुलगा रॉबर्टच्या नावाने काढलेल्या. रेल्वे काढली कशासाठी? कोळसा टीज नदीपर्यंत न्यायला. परत नदीच. डार्लिंग्टनचा स्कर्न ब्रिज तेव्हाचा, त्यावरून अजून गाड्या जातात. शिल्डनचं लोकोमोशन म्युझियम मोफत आहे, डार्लिंग्टनला २०२४ मध्ये होपटाउन सुरू झालंय, मुलं असतील तर दोन्ही करा.

आपल्याशी संबंध आहे आणि चांगला जवळचा आहे. बोरीबंदर-ठाणे लाइन आणि पुढे भोर घाट, थळ घाट यांचे चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली हे रॉबर्ट स्टीफनसनच्या हाताखाली शिकलेले, त्याच्याच शिफारशीवरून मुंबईला आले, आणि ही लाइन बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा सल्लागार इंजिनिअर रॉबर्ट स्वतः. भोर घाट १८६३ मध्ये सुरू झाला, बर्कली मात्र आदल्याच वर्षी वारले. पुढच्या वेळी खंडाळ्याला गाडी हळू झाली की हा टाइनकाठ आठवा.

मुंबईत बांधलेलं जहाज इंग्लंडमध्ये आहे असं ऐकलंय, ते कुठे?

हार्टलपूलला, टीजच्या मुखाच्या थोडं वर. एचएमएस ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात सोडलं. नेपोलियनच्या युद्धांनंतर ब्रिटनमध्ये ओकचं लाकूड कमी पडत होतं, म्हणून मलबारचं सागवान. पारशी रिवाजाप्रमाणे वाडियांनी तळाच्या मुख्य तुळईत चांदीचा खिळा ठोकला होता. तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये सगळ्यात जुनी आज हीच. १९८७ मध्ये मोडकळीला आलेली इथे आणली आणि दहा वर्षांहून जास्त खपून नीट केली, आणि ज्यांनी केली त्यात हार्टलपूलच्या बंद पडलेल्या गोद्यांतले कारागीर होते. डेकवर वाकून त्या सागवानाला हात लावून बघा. दोनशे वर्षं झाली. एवढ्या लांब येऊन मुंबईच्या सुतारांचं काम असं समोर बघायला मिळतं, तर मराठी माणसाने हार्टलपूल चुकवू नये असं माझं मत.

बेरिक इंग्लंडमध्ये की स्कॉटलंडमध्ये?

इंग्लंडमध्ये, १४८२ पासून कायमचं. त्याआधी १३ वेळा इकडून तिकडे गेलं म्हणतात. ट्वीडच्या उत्तर काठावर आहे, हद्द आणखी चार-पाच किलोमीटर वर. फुटबॉल क्लब मात्र स्कॉटलंडच्या लीगमध्ये खेळतो.

(उच्चार बेरिक. बर्विक म्हटलं तर लोक ओळखतील पण हसतील. तसंच अ‍ॅनिक, आल्नविक नाही.)

बेरिकचं स्टेशन बघा म्हणजे मी वर म्हणतो ते पटेल. १८४० च्या दशकात रेल्वे आली तेव्हा किल्ला पाडला आणि जिथे किल्ल्याचा मोठा दरबार हॉल होता बरोबर तिथे स्टेशन बांधलं. १२९२ मध्ये त्याच हॉलमध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडची गादी जॉन बॅलियलला दिली, स्टेशनात तशी पाटी आहे. चार वर्षांनी एडवर्डने हेच गाव लुटलं आणि कत्तल केली. आज तिथे लोक कॉफी घेऊन गाडीची वाट बघतात. स्टेशनामागून नदीकडे उतरलं की किल्ल्याची उरलेली भिंत दिसते, आणि लगेच वर रॉयल बॉर्डर ब्रिज, १८५० चा, परत रॉबर्ट स्टीफनसन, २८ कमानी.

गावाभोवतीची तटबंदी सोडू नका. १५५८ मध्ये सुरू झालेली, इटालियन पद्धतीची, तोफांसाठी. उंच भिंती नाहीत, जाडजूड मातीचे बांध, दगडाचं तोंड आणि बाणाच्या टोकासारखे बुरूज, म्हणजे कुठल्याही बुरुजावरून शेजारच्या भिंतीच्या पायथ्याशी मारा करता येतो. वरून पूर्ण चक्कर तासाभरात होते. एकच सूचना, कडेला कठडे नाहीत, लहान मुलांचा हात सोडू नका.

हॅरी पॉटरचा किल्ला कुठला?

अ‍ॅनिक. पहिल्या दोन सिनेमांचं काही शूटिंग तिथलं, पहिल्यातला झाडूवर उडायला शिकायचा प्रसंगसुद्धा. १३०९ पासून पर्सी घराण्याकडे, ते अजून तिथेच राहतात, म्हणून हिवाळ्यात बंद असतो. छान आहे, गर्दीही तेवढीच. गावात जुन्या रेल्वे स्टेशनात जुन्या पुस्तकांचं प्रचंड दुकान आहे, पाऊस आला तर तिथे जा.

पण खरं विचाराल तर त्याच पर्सींचा वर्कवर्थ मला जास्त भावतो. कोकेट नदीच्या वळणात छोटं गाव, एकच चढती गल्ली, वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला चौदाव्या शतकातला पूल आणि त्यावर पहाऱ्याचा मनोरा. नदीपलीकडे खडकात कोरलेलं साधूचं देऊळ आहे, ठरावीक दिवशीच होडीने नेतात, दिवस बघून जा.

जॉन बॅलियलचं घराणं कुठलं?

टीजकाठच्या बार्नार्ड कॅसलचं, गावाचं नावच त्यांच्या किल्ल्यावरून. गावातच बोज म्युझियम आहे, १८९२ चं, फ्रेंच महालासारखं, आत १७७३ चा चांदीचा यांत्रिक हंस. पैसा? जॉन बोजच्या कोळशाच्या खाणी.

संडरलंड, जारो इथे बघण्यासारखं काय आहे? लोक म्हणतात काही नाही.

लोक चुकीचं सांगतात. दोन्हीकडे मेट्रोने जाता येतं. संडरलंडला वेअरच्या मुखाशी सेंट पीटर्स चर्च, ६७४ चं, बांधताना काच करणारे कारागीर फ्रान्सकडून आणले होते आणि पुढे हे गाव काचेसाठी प्रसिद्ध झालं. जहाजबांधणी तर शतकानुशतकं, शेवटचं शिपयार्ड १९८८ मध्ये बंद. नदीकाठची मंकवेअरमथ खाण १९९३ मध्ये बंद झाली, डरहम कोळसापट्ट्यातली ती शेवटची, आणि चारच वर्षांत तिथे फुटबॉलचं स्टेडियम ऑफ लाइट उभं राहिलं. बाहेर मोठ्या डेव्ही दिव्याचं स्मारक आहे, ते त्यासाठी.

जारोला सेंट पॉल्स, ६८५ ची कोनशिला अजून भिंतीत, जुने इतिहासकार भिक्षू संत बीड इथे राहून लिहायचे. तिथून नदीकडे बघा. १८५२ मध्ये पामरच्या गोदीतून स्क्रूवर (म्हणजे पाण्यात फिरणाऱ्या पंख्यावर) चालणारं, कोळसा वाहणारं लोखंडी जहाज निघालं, नाव जॉन बोज (हो, तोच म्युझियमवाला). गोदी मोठी झाली, गाव तिच्यावर जगलं, १९३० च्या दशकात ती बंद झाली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार. ऑक्टोबर १९३६ मध्ये २०० माणसं अर्ज घेऊन लंडनला चालत निघाली, साधारण ४५० किलोमीटर, सोबत खासदार एलन विल्किन्सन. सरकारने काही दिलं नाही. आजही इथे कोणाच्या आजोबांनी तो मोर्चा केला असेल तर तो अभिमानाने सांगितला जातो.

खाणीत खाली जाता येतं का?

बीमिश म्युझियममध्ये डोकं वाकवून आत चालत जायची खरी जुनी खाण आहे. बीमिशला पूर्ण दिवस ठेवा, ट्राम, खाणकामगारांची घरं, शाळा, दुकानं सगळं उघड्यावर मांडलंय. आजी-आजोबांनाही आवडतं, बसायला जागा भरपूर.

पाऊस असेल तर?

न्यूकॅसलचं डिस्कव्हरी म्युझियम, मोफत. दारातच टर्बिनिया, चार्ल्स पार्सन्सची १८९४ ची बोट, वाफेच्या टर्बाइनवर चालणारी जगातली पहिली. १८९७ मध्ये राणीच्या आरमाराच्या संचलनात ही आगंतुक घुसली आणि आरमाराच्या एकाही बोटीला ती पकडता आली नाही. किंवा स्टेशनजवळची लिट अँड फिल लायब्ररी, १७९३ ची संस्था, कोणीही आत जाऊन बसू शकतं. १८८० मध्ये जोसेफ स्वानने तिथे विजेच्या दिव्यांनी सभागृह उजळवून दाखवलं होतं.

शाकाहारी माणसाचं काय?

न्यूकॅसल, डरहममध्ये अडचण नाही, न्यूकॅसलच्या वेस्ट एंडला भारतीय किराणाही मिळतो. पण दोन गोष्टी विचारून घ्या. फिश अँड चिप्सच्या दुकानात बटाट्याचे चिप्स बऱ्याचदा गाईच्या चरबीत तळतात, उत्तरेत ही पद्धत जास्त. आणि पीज पुडिंग म्हणजे दिसायला घट्ट वरण, पिवळ्या वाटाण्याचं, पण ते हॅमच्या (डुकराच्या मांसाच्या) पाण्यात शिजवलेलं असू शकतं. स्टॉटी हा इथला जाड गोल पाव, तो चीज घालून खा, मस्त लागतो.

कधी यावं, कसं फिरावं?

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड, डिसेंबरमध्ये पावणेचारला अंधार, त्यामुळे हिवाळ्यात एका दिवसात एकच गाव होतं. वारा समुद्रावरून येतो, जुलैतसुद्धा जॅकेट हवं.

गाडीची गरज नाही. डरहम-न्यूकॅसल ट्रेनने पाव तास, न्यूकॅसल-बेरिक पाऊण तास, वर्कवर्थ आणि अ‍ॅनिकला बस. लंडनहून न्यूकॅसल साधारण तीन तास, तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. लंडनकडून येताना उजवीकडची खिडकी घ्या, डरहमला कॅथेड्रल त्याच बाजूला आणि न्यूकॅसलच्या पुढे समुद्रही.

एकच दिवस असेल तर?

सकाळी डरहम, कॅथेड्रल आणि खाली नदीकाठ. दुपारी न्यूकॅसल, किल्ल्याची गच्ची, मग हाय लेव्हल ब्रिजच्या खालच्या मजल्यावरून पलीकडे गेट्सहेडला चालत आणि काठाकाठाने मिलेनियम ब्रिजवरून परत. वाटेत वेळ उरला तर सिटी रोडवर चढून कीलमेन्स हॉस्पिटल. स्टेशन तिथून वीसएक मिनिटं चालत.